सिग्नलला न टिकणारी गाडी : जीर्णोद्धार केलेली बी.एस.ए. गोल्ड स्टार

बी.एस.ए. या ब्रिटिश कंपनीची गोल्ड स्टार ही जुनी मोटरसायकल सिग्नलला उभी राहते, पण तिचे इंजिन टिकत नाही. उजवी मूठ पूर्ण सोडली की दोन-तीन ठोके पडतात, एक खोकल्यासारखा आवाज येतो आणि ५०० सी.सी.चे ते एकुलते एक सिलिंडर गप्प होते. नवख्या माणसाला वाटते की कार्बोरेटर बिघडला असावा. प्रत्यक्षात या गाडीवर जो अ‍ॅमल जी.पी. कार्बोरेटर बसवलेला असतो, त्यात गाडीला स्लोवर टिकवणारी सोयच केलेली नाही. तो शर्यतीसाठी घडवलेला कार्बोरेटर आहे आणि शर्यतीत कोणी सिग्नलला थांबत नाही, इतका साधा हिशेब त्यामागे आहे. या गाडीचे परीक्षण करायचे तर ते इथूनच करावे लागते, कारण तिच्या बहुतेक अडचणी या एकाच कुळातल्या आहेत आणि तिची थोरवीही त्याच कुळातली आहे.

मी ज्या गाडीविषयी लिहितो आहे ती १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातली, डी.बी.डी. ३४ या मॉडेलची गोल्ड स्टार आहे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत आमच्या घराशेजारी राहणारे, टूलरूममध्ये आयुष्य घालवून निवृत्त झालेले एक गृहस्थ तिचे मालक आहेत, आणि तिचा जीर्णोद्धारही त्यांनीच केला आहे. मी पुण्याहून नोकरीनिमित्त इकडे आलो. इकडे येण्यापूर्वीची बारा वर्षे जुनी बुलेट चालवण्यात गेली. ही ओळख शेजाऱ्यांना पुरेशी वाटली असावी, कारण उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक असलेली गाडी चालवता येणारा माणूस त्यांना आमच्या गल्लीत दुसरा मिळाला नसता. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आणि या वर्षीच्या उन्हाळ्यात मिळून मी ही गाडी साधारण सहाशे मैल चालवली. महत्त्वाची गोष्ट अशी, की या दोन उन्हाळ्यांत ती एकच गाडी नव्हती. त्याचे कारण पुढे येईल.

प्रथम नावाविषयी, कारण या गाडीच्या टाकीवरचा तारा नुसता शोभेचा नाही. लंडनच्या नैर्ऋत्येला वेब्रिजजवळ १९०७ साली उघडलेली ब्रुकलँड्सची काँक्रीटची धावपट्टी होती, जिच्या वळणांना उंच उतरते काठ दिलेले होते. तिथल्या शर्यतीत ताशी १०० मैलांपेक्षा अधिक वेगाने फेरी पूर्ण करणाऱ्या स्वाराला ब्रिटिश मोटरसायकल रेसिंग क्लब सोन्याचा एक छोटा तारा देत असे. ३० जून १९३७ रोजी वॉल हँडली या नामांकित स्वाराने, खास तयार केलेल्या आणि अल्कोहोलवर चालणाऱ्या ५०० सी.सी.च्या बी.एस.ए. एम्पायर स्टारवर, ताशी १०७.५७ मैलांची फेरी नोंदवून तो तारा मिळवला. बी.एस.ए.ची तोपर्यंतची ख्याती म्हणजे पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत सर्वांनी चालवावी अशी भरवशाची, पण मवाळ गाडी. त्यामुळे बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्याने ही संधी सोडली नाही आणि पुढच्याच वर्षी, १९३८ साली, एम. २४ ही 'गोल्ड स्टार' बाजारात आली. हँडली पुढे महायुद्धाच्या काळात विमाने पोहोचवण्याच्या कामावर असताना १९४१ साली अपघातात गेले. युद्धानंतर या नावाने जे घडले ते त्यांनी पाहिले नाही.

आणि जे घडले ते जवळजवळ एकतर्फी होते. आइल ऑफ मॅन बेटावर १९४७ ते १९५६ या काळात क्लबमन टी.टी. नावाची शर्यत होत असे. कारखान्यांनी मोजक्या स्वारांसाठी घडवलेल्या खास गाड्यांना तिथे प्रवेश नव्हता. दुकानात कोणालाही विकत मिळणारी गाडीच तिथे उतरवावी लागे. ३५० सी.सी.च्या ज्युनिअर गटात १९४९ पासून १९५६ पर्यंत सलग आठ वर्षे गोल्ड स्टारच जिंकली. ५०० सी.सी.च्या सीनिअर गटात १९५४ साली अ‍ॅलिस्टर किंग, १९५५ साली एडी डाऊ आणि १९५६ साली बर्नार्ड कॉड जिंकले, तिघेही गोल्ड स्टारवर. कॉड यांनी तर त्या वर्षी दोन्ही गट जिंकले. प्रवेशिकांच्या यादीत इतर कंपन्यांची नावे शोधावी लागत असत. १९५६ नंतर ही शर्यत बंद झाली, आणि एकाच गाडीची एवढी मक्तेदारी हे त्यामागचे एक कारण मानले जाते. एखाद्या वस्तूची याहून मोठी स्तुती कोणत्याही परीक्षणात होऊ शकेल असे मला वाटत नाही.

हे सर्व सांगण्याचे कारण म्हणजे डी.बी.डी. ३४ ही या सगळ्या अनुभवाचा अर्क आहे. ती १९५६ साली आली. ८५ मि.मी. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८८ मि.मी. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ४९९ सी.सी., अ‍ॅल्युमिनियमचे हेड आणि लोखंडी लाइनर घातलेले अ‍ॅल्युमिनियमचेच बॅरल, त्यावर हाताच्या पंजाएवढ्या रुंद फिन्स, आणि दीड इंच, म्हणजे ३८ मि.मी. तोंडाचा तो जी.पी. कार्बोरेटर. आकृतीत पाहिले तर यात क्रांतिकारक काहीच नाही. पुशरॉडवर चालणारे दोन व्हॉल्व्हचे, हवेने थंड होणारे इंजिन म्हणजे कोणत्याही बुलेटवाल्याला घरचेच वाटावे असे. फरक आहे तो कसून केलेल्या तपशिलात. उदाहरणार्थ, टॅपेटमधले अंतर जुळवण्यासाठी रॉकरच्या टोकाला स्क्रू आणि नट देण्याऐवजी रॉकर ज्यावर फिरतो तो दांडाच किंचित तिरकस केंद्राचा केला आहे. दांडा थोडा फिरवला की अंतर बदलते आणि हलणाऱ्या भागाचे तेवढे वजन वाचते. अशा पाच-पंचवीस बचतींनी मिळून हे इंजिन मिनिटाला ७००० फेऱ्यांपर्यंत जाऊन सुमारे ४२ अश्वशक्ती देऊ शकते. प्रत्येक इंजिन कारखान्यात ब्रेकवर, म्हणजे शक्ती मोजण्याच्या यंत्रावर, चढवून तपासले जाई आणि त्याने प्रत्यक्ष किती शक्ती दिली याचा दाखला गिऱ्हाइकाला मिळे. आज तो मूळ कागद गाडीसोबत असला तर तिची किंमत वाढते. आमच्या गाडीसोबत तो नाही.

आता या विशिष्ट गाडीविषयी. गोल्ड स्टार घेताना सर्वांत मोठी भीती असते ती बनावट गाडीची, कारण बी.एस.ए.च्या बी. ३१ आणि बी. ३३ या साध्या गाड्या दिसायला तिच्या चुलत बहिणी आहेत, आणि बाजारात सुट्या भागांची इतकी सुबत्ता आहे की चतुर माणूस बी. ३३ ची गोल्ड स्टार सहज उभी करू शकतो. शेजाऱ्यांनी मला गाडी चालवायला देण्याआधी तिच्या पोटाखाली झोपायला लावले आणि चेसिसची उजव्या बाजूची खालची नळी दाखवली. ऑइल पंपाला जागा मिळावी म्हणून खऱ्या गोल्ड स्टारच्या त्या नळीला एक बाक दिलेला असतो. साइडकार जोडण्याचे कानही या चेसिसला नसतात. चेसिसच्या क्रमांकाची सुरुवात सी.बी. ३२ ने आणि इंजिनाची डी.बी.डी. ३४ जी.एस. ने व्हावी लागते. चेसिसवर ३२ आणि इंजिनावर ३४ पाहून अनेक जण दचकतात, पण ते तसेच बरोबर आहे. या गाडीचे दोन्ही क्रमांक कारखान्याच्या जुन्या नोंदींशी पडताळून पाहिलेले आहेत आणि इंजिन व चेसिस एकमेकांसोबतच कारखान्याबाहेर पडले होते. ज्याला अशी गाडी घ्यायची असेल त्याने क्रोमकडे पाहण्याआधी ही नळी पाहावी, आणि विकणारा तिच्याऐवजी टाकीवरच्या चकाकीविषयीच बोलत राहिला तर चहा पिऊन परत यावे.

शेजाऱ्यांना ती मिळाली तेव्हा ती चालू स्थितीत होती, मात्र तिचा स्वभाव कोणीतरी बदलून टाकलेला होता. आधीच्या मालकाने जी.पी. काढून ३२ मि.मी.चा अ‍ॅमल कॉन्सेंट्रिक बसवला होता, जो साध्या रस्त्यावरच्या गाड्यांचा, शिस्तीत स्लोवर टिकणारा कार्बोरेटर आहे. शर्यतीच्या गिअरबॉक्सऐवजी साध्या अंतराचे गिअर घातले होते. क्लिप-ऑन, म्हणजे शर्यतीचे खाली झुकलेले, हँडल काढून रुंद, उंच हँडल लावले होते. गेल्या वर्षी मी चालवली ती ही गाडी. मी तेव्हा तिच्यावर खूश होतो, हे कबूल करायला हवे. ती दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू होई, सिग्नलला घुमत उभी राही, गावातून दुसऱ्या गिअरवर निवांत जाई. मला ती एका चांगल्या, हलक्या, थोड्या रागीट बुलेटसारखी वाटली आणि मी तसे त्यांना म्हणालो. त्यांचा चेहरा पडला. मी कौतुक केले होते, पण त्यांच्या कानावर ते निदान होऊन पडले, हे मला नंतर कळले.

त्या हिवाळ्यात त्यांनी गाडी संपूर्ण खोलली. क्रँक उघडून बिग एंडचे बेअरिंग नवे घातले, बॅरलला नवा लाइनर घालून मूळ मापाचा पिस्टन बसवला, व्हॉल्व्ह गाइड बदलले, मॅग्डायनो, म्हणजे मॅग्नेटो आणि डायनॅमो यांची ती ल्युकासची जोडगोळी, पुन्हा गुंडाळून घेतली. जुन्या वस्तूंच्या बाजारांतून फिरून आर.आर.टी. २ नावाचा मूळ शर्यतीचा गिअरबॉक्स मिळवला. जी.पी. कार्बोरेटर मिळाला तो झिजलेला. त्याची सरकती झडप आणि तिचे घर त्यांनी स्वतः दुरुस्त केले, आणि त्यांची आयुष्यभराची कारागिरी खऱ्या अर्थाने तिथे दिसते. टाकीचा चंदेरी रंग, तिच्या कुशीवरचे क्रोम आणि त्यांच्या सीमेवरची तांबडी रेघ हे काम मात्र बाहेरून करून घेतले. ते पहिल्या वेळी इतके वाईट झाले की रेघ एका बाजूला सरळ आणि दुसऱ्या बाजूला गोगलगाय चालून गेल्यासारखी आली. ते पुन्हा करून घेण्यात चार महिने गेले. आता ती रेघ निर्दोष आहे. माझ्या मते नको इतकी निर्दोष आहे, कारण कारखान्यात हाताने ओढलेल्या रेघेत ब्रश उचलल्याची जागा दिसते आणि हिच्यात ती दिसत नाही.

या उन्हाळ्यात मी चालवली ती ही दुसरी गाडी, आणि खरे परीक्षण तिचेच आहे.

सुरू करण्यापासून सांगतो. पेट्रोलचा कॉक उघडायचा आणि कार्बोरेटरच्या बाजूला लटकणाऱ्या चौकोनी फ्लोट डबीवरची टोपी दाबून पेट्रोल ओसंडू द्यायचे. हँडलवरच्या छोट्या दांडीने ठिणगीची वेळ मागे घ्यायची. हे विसरले तर किक उलटी मारते, आणि ही किक बुलेटच्या किकपेक्षा अधिक द्वेषाने उलटते. मग व्हॉल्व्ह उचलणारी दांडी दाबून पिस्टन दाबाच्या टोकाच्या किंचित पुढे आणून ठेवायचा, किकचा पाय पुन्हा वर घ्यायचा, मूठ अगदी किंचित उघडायची आणि अंगाचे संपूर्ण वजन, मध्येच कच न खाता, खालपर्यंत न्यायचे. बुलेटवर ज्याने अ‍ॅमीटरचा काटा पाहून 'पॉइंटवर' आणण्याची सवय लावून घेतली आहे त्याला हे सर्व परिचित वाटेल. फक्त इथे चुकीला माफी नाही. थंड इंजिन माझ्याकडून सरासरी पाच-सहा किकांत सुरू होते. गरम इंजिन, विशेषतः सिग्नलला बंद पडलेले, कधी पहिल्या किकला सुरू होते आणि कधी पंधराव्या किकलाही होत नाही, तेव्हा मागच्या गाड्यांतले लोक प्रथम हसतात, मग फोनवर चित्रफीत काढतात आणि शेवटी हॉर्न वाजवतात.

सुरू झाल्यावर मूठ सतत थोडी हलती ठेवावी लागते. मग क्लच. तो जड आहे, पण खरी कसोटी वजनाची नाही. आर.आर.टी. २ चा पहिला गिअर इतका उंच आहे की त्या एका गिअरमध्ये गाडी ताशी साठ मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ९५ किलोमीटरपर्यंत जाते. ब्रिटनमध्ये साध्या दुपदरी रस्त्यावर, गावाबाहेर, कायद्याने मिळणारा कमाल वेग तेवढाच आहे. म्हणजे कायदा पाळणाऱ्या माणसाला उरलेले तीन गिअर लागतच नाहीत, हा विनोद शेजारी दर वेळी नव्याने सांगतात. याची किंमत निघताना मोजावी लागते. गाडी चालण्याच्या वेगाच्या पुढे जाईपर्यंत क्लच अर्धवट दाबून, इंजिनाला भरपूर रेस देऊन तिला ओढून न्यावे लागते. चढावरच्या चौकात हे करताना क्लचच्या प्लेटा जळण्याचा वास येतो. कॉव्हेंट्री शहरातून बाहेर पडण्याच्या पहिल्या वीस मिनिटांत मी प्रत्येक वेळी ठरवले की आधीचा मालक शहाणा होता.

लेमिंग्टनच्या पूर्वेकडून फॉस वे हा रस्ता दक्षिणेला जातो. तो रोमनांनी आखला असल्यामुळे मैलोन् मैल सरळ आहे, आणि रविवारी सकाळी सातला त्यावर सहसा कोणी नसते. त्या रस्त्यावर तिसाव्या मिनिटाला माझे मत बदलले. इंजिन ४००० फेऱ्यांच्या खाली कुरकुरत, ठसकत चालते. त्याच्या वर गेले की कोणीतरी गळ्यातला हात काढावा तसे मोकळे होते. आवाज ठोक्यांचा राहत नाही, एकसंध होतो. पहिल्यातून दुसरा गिअर टाकल्यावर फेऱ्या फारशा पडत नाहीत, दुसऱ्यातून तिसऱ्यात त्याहून कमी पडतात, आणि तिसऱ्यातून चौथ्यात जाताना तर कान जेमतेम फरक ओळखतो, कारण या पेटीत वरचे दोन गिअर जवळजवळ जुळे आहेत. शर्यतीतल्या लांब चढावर वारा समोरून आला तर वेग अगदी थोडा तुटून इंजिन आपल्या सर्वोत्तम पट्ट्यात राहावे, यासाठी ते तसे केलेले आहेत. पहिल्या गिअरची सारी हेळसांड याच कारणासाठी आहे, हे मी पुस्तकात वाचले होते. मांड्यांना कळले ते इथे. स्मिथ्सचे क्रोनोमेट्रिक मीटर हा आणखी एक आनंद आहे. त्याचा काटा सरकत नाही, घड्याळाच्या सेकंदकाट्यासारखा टप्प्याटप्प्याने उडी घेतो, आणि दोन मीटरांचे दोन काटे जोडीने उड्या मारत वर चढतात तेव्हा वेग वाढतो आहे यापेक्षा तो मोजला जातो आहे असे वाटते.

एटिंग्टनपाशी डावीकडे वळून बॅनबरीच्या रस्त्याला लागले की सनरायझिंग हिलचा चढ येतो. तीव्र चढ आणि त्यात वळणे. जुन्या गाड्यांच्या मंडळींत या टेकडीला मान आहे. गेल्या वर्षीच्या कॉन्सेंट्रिकवाल्या गाडीने तो चढ सहज घेतला होता, इतका सहज की मला त्याची आठवण नाही. या वर्षी मी पायथ्याशी एका ट्रॅक्टरमागे अडकलो, फेऱ्या पडल्या, आणि निम्मा चढ क्लच जाळत, शरमेने चढलो. परत येताना मुद्दाम खाली उतरून, रस्ता मोकळा पाहून पुन्हा चढलो. त्या दुसऱ्या चढाईविषयी एवढेच म्हणेन, की वळणावर झुकलेल्या त्या चेसिसमध्ये कुठेही लवचीकपणा जाणवला नाही. पुढचे चाक जिथे पाहावे तिथे जात होते, आणि उतारावर मूठ सोडल्यावर सायलेन्सरमधून तो सुप्रसिद्ध किलबिलाट ऐकू आला. गोल्ड स्टारच्या सायलेन्सरची आणि मागे वळवलेल्या पाइपची लांबी व पोट हे इंजिनाशी जुळवून ठरवलेले आहे, आणि इंजिन ओढ सोडते तेव्हा त्यातून पाखरांच्या थव्यासारखा आवाज येतो. गेल्या वर्षी तोच सायलेन्सर होता, पण हा आवाज जेमतेम येत असे. टेकडीच्या पलीकडच्या बॅनबरीतच एडी डाऊ यांचे गोल्ड स्टारच्या सुट्या भागांचे दुकान एके काळी होते, त्यामुळे या चढाने हा आवाज पुष्कळ वेळा ऐकला असणार.

आता तक्रारी. पुढचा १९० मि.मी.चा पूर्ण रुंदीचा ड्रम ब्रेक दिसायला देखणा आहे, पण पहिल्या दोन थांब्यांनंतरच धड काम करू लागतो, आणि पावसात त्याच्यावर विसंबणे म्हणजे उधार दिलेल्या पैशांवर विसंबण्यासारखे आहे. हेडलाइट सहा व्होल्टचा; संध्याकाळनंतर तो समोरच्याला आपण दिसावे यापुरताच आहे. क्लिप-ऑन हँडल थेट फोर्कच्या नळ्यांना आवळलेले असल्याने अंगाचा पुढचा भार मनगटांवर येतो. वारा छातीला उचलून धरू लागेपर्यंत, म्हणजे ताशी पन्नास मैलांपर्यंत, तो भार हलका होत नाही. पन्नाशीतल्या माझ्या पाठीला चाळीस मैल पुरतात. साठ मैलांच्या वेगाला चौथ्या गिअरमध्ये कंपने सोसण्याजोगी आहेत. सत्तरच्या पुढे पायाच्या तळव्यांना मुंग्या येतात. आणि ऑइल. इंजिनाचे ऑइल वेगळ्या टाकीत असते आणि गाडी आठवडाभर उभी राहिली की ते हळूहळू इंजिनाच्या पोटात उतरते; न पाहता किक मारली तर ते श्वासनळीतून बाहेर येऊन जमिनीवर नकाशा काढते. यावर बाजारात झडपा मिळतात, पण झडप अडकली तर इंजिन कोरडे फिरून मरते, म्हणून शेजारी ती बसवत नाहीत आणि दर रविवारी खालचे बूच उघडून ऑइल पुन्हा टाकीत ओततात. मला हे योग्य वाटते.

जीर्णोद्धारात त्यांनी तीन ठिकाणी मूळ सोडून दिले आहे आणि तिथे माझा त्यांच्याशी थोडा वाद आहे. प्रायमरी चेन काढून दातेरी पट्टा बसवला आहे. त्यामुळे क्लच कोरडा राहतो, सरकतो कमी आणि ऑइलची गळतीही एका जागेने घटते. आरशात न दिसणारा आणि गाडीचा स्वभाव न बदलणारा हा बदल मला मान्य आहे. चाकांचे स्पोक स्टेनलेस स्टीलचे आहेत. तेही चालेल, फक्त ते जरा जास्त चमकतात. तिसरा बदल मात्र मला खटकतो. इंजिनाचे बाहेरचे प्रत्येक आवरण त्यांनी आरशासारखे पॉलिश केले आहे. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा टायमिंग कव्हर चकाकत होते हे खरे, पण ओतीव क्रँककेसचा खरखरीत, राखाडी पोतही त्याच्या शेजारी होता, आणि त्या दोघांच्या शेजारपणातच इंजिनाचे रूप होते. जिने शर्यतीत जायचे तिला वधूवेषात उभी केल्यासारखे वाटते. त्यांचे उत्तर असे की पॉलिश पुन्हा मळते, त्यासाठी गाडी चालवावी लागते.

महाराष्ट्रातल्या वाचकांना गोल्ड स्टार हे नाव आता वेगळ्या कारणाने परिचित आहे. महिंद्रा समूहाने २०१६ साली बी.एस.ए. हे नाव विकत घेतले, आणि जावा व येझदी परत आणणाऱ्या त्याच समूहाच्या क्लासिक लेजंड्स या कंपनीने नवी गोल्ड स्टार ६५० डिसेंबर २०२१ मध्ये बर्मिंगहॅमला सादर करून १५ ऑगस्ट २०२४ रोजी भारतातही आणली; सुरुवातीची शोरूम किंमत २ लाख ९९ हजार रुपये होती. मी ती इकडे चालवून पाहिली आहे. ६५२ सी.सी., पाण्याने थंड होणारे इंजिन, ४५ अश्वशक्ती, बटणावर सुरू होते, ए.बी.एस. आहे, आणि सिग्नलला ती तासभरही उभी राहील. टाकीची घडण आणि लाल गोल बिल्ला आजोबांवर गेला आहे. रोजच्या वापराला, मुंबईहून महाबळेश्वरला जायला, ती या जुन्या गाडीपेक्षा शंभर पटींनी बरी. त्याविषयी दुमत असू नये. मात्र साठाहून अधिक वर्षांपूर्वी, त्याहून लहान आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनातून पुशरॉडच्या जोरावर जवळपास तेवढीच शक्ती काढणाऱ्या लोकांनी त्यासाठी काय काय सोडून दिले असेल, हे नवीवर बसून कळत नाही.

जुन्या गोल्ड स्टारचे उत्पादन १९६३ साली थांबले. ल्युकासने मॅग्डायनो बनवणे बंद केले हे त्याचे एक कारण सांगितले जाते, आणि ते मला पटण्यासारखे वाटते, कारण तोवर ही गाडी हाताने जुळवण्याची, वेळखाऊ आणि कारखान्याला न परवडणारी वस्तू झाली होती. आज ब्रिटनमध्ये खरी, क्रमांक जुळणारी, चांगल्या स्थितीतली डी.बी.डी. ३४ घ्यायची तर पंधरा-वीस हजार पौंडांची तयारी ठेवावी लागते. चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला इथे रस्ताकर आणि वार्षिक तपासणी माफ असते, सुटे भाग जवळजवळ सर्व मिळतात, विमाही आश्चर्यकारक स्वस्त आहे. तेव्हा खरा खर्च विकत घेण्याचा आहे, आणि त्यानंतर उजव्या गुडघ्याचा.

आधीच्या मालकाचा कॉन्सेंट्रिक कार्बोरेटर शेजाऱ्यांनी फेकलेला नाही. तो तेलाच्या फडक्यात गुंडाळून गॅरेजच्या फळीवर ठेवलेला आहे, आणि साध्या अंतराचे गिअरही त्याच्याच शेजारी आहेत. गेल्या महिन्यात मी गरम इंजिनावर अकरा किका मारून, घामाघूम होऊन, गाडी शेवटी ढकलत त्यांच्या दारात आणली तेव्हा त्यांनी काही न बोलता त्या फळीकडे बोट दाखवले. मी थोडा वेळ त्या पुडक्याकडे पाहिले, पाणी प्यायलो आणि बाराव्यांदा किक मारायला परत बाहेर गेलो.